थेपल्याच्या डब्यापलीकडचा चीन

आपल्या समाजातील अनेक घरांत वर्षातून एकदा-दोनदा एक ठरलेले दृश्य दिसते. ग्वांगझू किंवा यीवूच्या बाजारात माल पाहायला निघालेल्या घरच्या माणसाची बॅग भरली जात असते. निम्मी जागा कपड्यांना आणि निम्मी थेपले, खाखरे, सुकी भेळ, तयार उपम्याची पाकिटे यांना. आठ-दहा दिवसांनी तो परततो, नमुने मांडतो, भाव सांगतो. चीनमधल्या खाण्यापिण्याविषयी कोणी विचारलेच, तर हात झटकून म्हणतो, "तिकडे आपल्यासाठी काही नाही."

हे उत्तर पूर्णपणे खोटे नाही. पण ते पूर्णपणे खरेही नाही. ज्या देशाशी आपण वर्षानुवर्षे व्यवहार करतो, त्या देशाच्या स्वयंपाकघरात आणि चहाच्या मळ्यात आपण कधी डोकावलेलेच नाही. आता घरातील तरुण मुले-सुना "चीनला फिरायला जाऊ, तिथले पदार्थ आणि चहा अनुभवू" असे म्हणू लागली आहेत. २०२० मध्ये बंद पडलेली थेट विमानसेवा २०२५ च्या ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू झाल्याने हा विषय अधिकच निघतो. वडीलधाऱ्यांचा पहिला शब्द असतो, "नको." त्यामागची काळजी योग्यच आहे. परंतु नुसते "नको" म्हणून प्रश्न सुटत नाही. मुले आज ना उद्या जाणारच आहेत. ती नियम घरी ठेवून जातात की सोबत घेऊन जातात, एवढाच प्रश्न आहे. या लेखाचे सांगणे एवढेच की, प्रवासाचा आराखडा नियमांपासून आखायला घेतला, तर चीन आपल्याला वाटतो तितका परका राहत नाही.

पहिले पाऊल घरातच

तिकीट काढण्यापूर्वी एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसावे आणि प्रत्येकाने आपापले नियम कागदावर लिहावेत. कोणाचा चौविहार असतो, कोणाचा तिविहार. कोणी कंदमूळ वर्ज्य करते, कोणी तिथीला लीलोतरीही घेत नाही. कोणाचे दिग्व्रत असते. त्यांनी घेतलेल्या मर्यादेत हा प्रवास बसतो का, हे आधी पाहावे आणि शंका असल्यास गुरुभगवंतांना विचारावे.

येथे एक प्रामाणिक प्रश्न उभा राहतो. बाह्य तपाच्या सहा प्रकारांत रसपरित्याग सांगितला आहे. मग चवीसाठी समुद्रापार जाणे श्रावकाला शोभते का? याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःशी द्यावे. मात्र आपल्या परंपरेने गृहस्थाला भोगाचा संपूर्ण त्याग सांगितलेला नाही, त्याचे परिमाण सांगितले आहे. रोज सकाळी चौदा नियम धारणारे आपल्यात आजही आहेत. त्यातील द्रव्य, विगई, वाहन, दिशा हे नियम पाहिले, तर प्रवासाची याहून चांगली दैनंदिनी दुसरी सापडणार नाही. आज बारा द्रव्यांच्या पुढे जायचे नाही असे सकाळी ठरवले, की समोर चाळीस पदार्थ मांडलेले असले तरी जीभ सैरभैर होत नाही. उलट जे बारा पदार्थ घेतले, ते लक्षपूर्वक खाल्ले जातात.

तेथील 'सू' आणि आपला शाकाहार

चीनमध्ये शाकाहाराची स्वतःची, जुनी परंपरा आहे. सहाव्या शतकात लियांग वंशाचा सम्राट वू याने (राज्यकाल इ. स. ५०२ ते ५४९) बौद्ध भिक्षूंनी मद्य व मांस पूर्णपणे सोडावे असा आग्रह धरला आणि तेव्हापासून चिनी विहारांची स्वयंपाकघरे निरामिष झाली. या आहाराला 'सू' म्हणतात. विहारांत कांदा-लसणाचे प्रकारही वर्ज्य असतात. त्यांच्या ग्रंथांत पाच उग्र वनस्पती निषिद्ध सांगितल्या आहेत. त्यातील चार कांदा-लसणाच्या कुळातल्या, तर पाचवी बहुधा हिंग मानली जाते! आपण ज्या हिंगाने लसणाची उणीव भरून काढतो, तोच त्यांच्याकडे लसणाच्या पंक्तीत बसलेला. म्हणून विहाराच्या भोजनशाळेत आपला हिंग घातलेल्या थेपल्यांचा डबा उघडू नये. जसे आपल्या भोजनशाळेचे नियम पाहुण्यांनी पाळावेत असे आपल्याला वाटते, तसेच हे आहे.

तिथीचे साम्यही मनोज्ञ आहे. चिनी चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे अमावास्येला व पौर्णिमेला, अनेक श्रद्धाळू कुटुंबे निरामिष जेवतात. त्या दिवशी शाकाहारी उपाहारगृहांत गर्दी असते, पण पदार्थांची विविधताही असते. आपल्या अष्टमी-चतुर्दशीची आठवण यावी अशी ही रीत.

तरीही सावध राहणे आवश्यक आहे. 'सू' म्हणजे 'जैन' नव्हे. बौद्ध विहारात कमळकाकडी, बटाटा, अळकुड्या, गाजर, आले सर्रास वापरतात. भूछत्रे आणि बांबूचे कोंब तर त्या स्वयंपाकाचा कणा आहेत, आणि आपल्याकडे हे सारे अनंतकायात मोजले जाते. विहाराबाहेरच्या सामान्य खाणावळीत तर 'भाजी' या शब्दाचा अर्थ केवळ 'मुख्य वस्तू भाजी' एवढाच असतो. सिच्वान प्रांतातील कोरड्या परतलेल्या श्रावणघेवड्याच्या शेंगा नाव ऐकून मागवाव्यात, तर त्यावर मांसाचा खिमा भुरभुरलेला येतो. प्रसिद्ध 'मापो' तोफूचेही तसेच. उलट 'मत्स्यगंधी वांगे' या नावाच्या पदार्थात मासा अजिबात नसतो. असतात लसूण, आले आणि मिरची. नावावर विश्वास ठेवून चालत नाही, हा व्यापारातला धडा तिथे ताटातही लागू पडतो.

चिनी लिपीतली चिठ्ठी

यावर सर्वांत उपयोगी साधन म्हणजे चिनी लिपीत छापलेली एक चिठ्ठी. आपल्या पुरवठादाराच्या कार्यालयातील दुभाष्याकडून किंवा जाणत्या भाषांतरकाराकडून ती निघण्यापूर्वीच लिहून घ्यावी. "आम्ही शाकाहारी आहोत" एवढे वाक्य पुरत नाही. वर्ज्य वस्तूंची नावे एकेक करून द्यावी लागतात: मांस, मासे, झिंगे, अंडे, डुकराची चरबी, कोंबडीची पूड आणि हाडांचा रस्सा, कालव-सॉस, कांदा, पात, लसूण, जमिनीखाली वाढणारी प्रत्येक भाजी, भूछत्र, बांबूचे कोंब, मध, आणि स्वयंपाकात घालायचे मद्य.

शेवटची वस्तू आपल्या कापड व्यापाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावी. ज्या शाओशिंग शहरातील कच्याओच्या बाजारात आपण कापड पाहायला जातो, ते शहर तांदळाच्या मद्यासाठी चीनभर प्रसिद्ध आहे, आणि ते मद्य परतलेल्या भाज्यांतही शिंपडले जाते. आपल्या महाविगईतील पहिलीच वस्तू अशी नकळत पोटात जाऊ शकते. बेकरीतील पापुद्र्याच्या मिठायांत डुकराची चरबी असणे हेही तिथे नेहमीचे आहे. चिठ्ठीच्या शेवटी "कृपया कढई धुऊन, वनस्पती तेलात करावे" ही विनंती लिहावी. गर्दीच्या वेळेआधी गेल्यास आचारी ती बहुधा मनापासून पाळतो.

मग उरते काय? बरेच काही. तोफूचे अनेक प्रकार: दह्यासारखा लुसलुशीत, पनीरसारखा घट्ट, वाळवलेल्या सायीसारखा. गव्हाच्या पिठाचे सत्त्व धुऊन केलेले 'म्येनजिन'. दुधी, दोडका, कारले, कोहळा. चवळीच्या लांब शेंगा, कोवळे सोयाबीन. हिरव्या पालेभाज्यांचे असंख्य प्रकार. भात, तांदळाच्या शेवया, वाफवलेले पाव, शेंगदाणे, अक्रोड, फळे. तिथीच्या दिवशी लीलोतरी नको असल्यास भात, तोफू आणि म्येनजिन यांवर जेवण निभावते. सोया सॉस, आंबवलेल्या शेंगांची चटणी यांसारख्या टिकवलेल्या वस्तूंबाबत प्रत्येक घराने आपापल्या नियमानुसार आधीच ठरवून ठेवावे. ऐन टेबलावर वाद नको.

पिठाचा कोंबडा

विहारांच्या उपाहारगृहांत एक पदार्थ हमखास पुढे येतो: तोफू किंवा म्येनजिनपासून हुबेहूब मांसासारखे बनवलेले पदार्थ. तोफूच्या सायीचे बदक, पिठाचा मासा, नावेही तीच. यजमानाच्या दृष्टीने ती कलाकुसर आहे आणि मांसाहारी पाहुण्याला शाकाहाराकडे वळवण्याची युक्तीही. त्यात प्राण्याचा अंशही नसतो.

आपल्याला मात्र येथे यशोधर राजाची कथा आठवल्याशिवाय राहत नाही. सोमदेवसूरींनी दहाव्या शतकात 'यशस्तिलक' या ग्रंथात ती विस्ताराने सांगितली. आईच्या आग्रहापुढे राजाने खऱ्या प्राण्याऐवजी पिठाचा कोंबडा बळी दिला. रक्ताचा थेंब सांडला नाही, पण मनात संकल्प वधाचाच होता, आणि त्या भावहिंसेची फळे माय-लेकांना जन्मोजन्मी तिर्यंच योनीत भोगावी लागली. चिनी भिक्षूचा संकल्प वधाचा नसतो, उलट जीव वाचवण्याचा असतो. म्हणून त्याला दोष देण्याचे कारण नाही. पण आपल्या मुलांच्या पानात बदकाच्या आकाराचा घास वाढताना त्यांच्या मनात काय उमटते, हा विचार आपण करावा. नम्रपणे "आम्हाला तोफू तोफूच्याच रूपात द्या" म्हणावे. ही कथा मुलांना प्रवचनात ऐकून जेवढी कळली नसेल, तेवढी त्या टेबलावर कळेल.

उकळलेले पाणी आणि सूर्यास्ताची वेळ

दोन गोष्टी मात्र चीनमध्ये आपल्याला भारतापेक्षाही सोप्या जातात. पहिली पाण्याची. चिनी माणूस नळाचे कच्चे पाणी पीत नाही. तो उकळलेले पाणीच पितो, आणि तेही बहुधा गरम. हॉटेलच्या प्रत्येक खोलीत किटली असते. रेल्वेच्या डब्यांत, स्थानकांत, विमानतळांवर उकळत्या पाण्याचे नळ असतात. उकळलेले पाणी घेणाऱ्या आपल्या आजीला जेवढी अडचण मुंबई-पुणे प्रवासात होते, तेवढीही तिथे होणार नाही. चांगला थर्मास मात्र सोबत हवा. पाण्याचा काळ मोजणाऱ्यांनी भरल्याची वेळ त्यावर चिकटवून ठेवावी.

दुसरी गोष्ट जेवणाच्या वेळेची. तेथे संध्याकाळचे जेवण साडेपाच-सहालाच सुरू होते. त्यातून एवढ्या विस्तीर्ण देशात सर्वत्र बीजिंगचे एकच घड्याळ चालते, जे आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. परिणामी एप्रिलच्या मध्यास पूर्वेकडील हांगझूला सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो, तर पश्चिमेकडील कुनमिंगला साडेसातच्या सुमारास. चौविहार करणाऱ्यांना युन्नान आणि सिच्वान प्रांत फार सोयीचे. मात्र तिथे सूर्योदयही उशिरा होत असल्याने नवकारसीची वेळ पुढे सरकते; सकाळची गाडी ठरवताना हे ध्यानात घ्यावे. प्रत्येक शहराचा सूर्योदय-सूर्यास्त तारीखवार लिहून काढणे हे या प्रवासाच्या तयारीतले अर्धे काम आहे.

कोठे जावे

चीनचे सगळे प्रांत एका फेरीत पाहण्याचा हव्यास करू नये. बारा दिवसांत तीन प्रदेश पुष्कळ झाले. व्यापारासाठी गेलेल्याने काम संपल्यावर कुटुंबाला तिथेच बोलावून घेतले, तर खर्चही वाचतो.

*ग्वांगझू आणि चाओझू.* १९५७ पासून भरणाऱ्या कॅन्टन जत्रेमुळे हे शहर आपल्याला परिचित आहे. वसंतातील जत्रा १५ एप्रिलपासून तीन टप्प्यांत भरते आणि टप्प्यांच्या मध्ये तीन दिवसांची उसंत असते. ही उसंत हॉटेलात झोपून घालवण्याऐवजी पूर्वेला चाओझूला जावे. पुरवठादाराच्या टेबलावरचा लाकडी चहाताट आणि इवलेसे पेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. ती 'कुंगफू' चहाची रीत मुळात या भागाची. लहानशा किटलीत भरपूर पत्ती, उकळते पाणी, काही क्षणांत ओतलेला सुगंधी अर्क. शेजारच्या फंगहुआंग डोंगरावरचा 'दानत्सोंग' हा ऊलाँग चहा त्यासाठी वापरतात. त्याच्या जातींना फुलांच्या सुगंधावरून नावे आहेत. ग्वांगझूमध्ये न्याहारीला 'याम छा' म्हणतात, शब्दशः 'चहा पिणे'. विहारांजवळच्या निरामिष उपाहारगृहांत तिचे शाकाहारी रूप मिळते.

*हांगझू.* यीवूहून जलद रेल्वेने तासाभरात पोहोचता येणारे हे शहर बहुतेक व्यापारी खिडकीतूनच पाहतात. पश्चिम सरोवराभोवतीच्या टेकड्यांवर लुंगजिंग हा हिरवा चहा होतो. साधारण ५ एप्रिलला येणाऱ्या 'छिंगमिंग' सणापूर्वी खुडलेली पत्ती सर्वोत्तम, आणि अर्थातच सर्वांत महाग. मार्चअखेर गेल्यास कोवळे अंकुर खुडताना आणि तापलेल्या कढईत उघड्या हातांनी भाजताना पाहायला मिळते. त्यात दूध नाही, साखर नाही. पाणीही उकळून थोडे निवालेले. घोट घेतल्यावर भाजलेल्या चण्यासारखी हलकी चव जिभेवर उरते. आपल्या मसाल्याच्या चहाला सरावलेल्या जिभेला पहिल्या दिवशी तो पाणचट वाटेल. तिसऱ्या दिवशी वाटणार नाही.

याच गावी लिंगयिन हा प्राचीन विहार आहे. परंपरेनुसार इ. स. ३२८ च्या सुमारास हुईली नावाच्या भारतीय भिक्षूने तो स्थापिला. समोरचा डोंगर पाहून तो थक्क झाला आणि म्हणाला, हे तर मगधातील गृध्रकूट. येथे उडून कसे आले? म्हणून त्या डोंगराचे नाव 'उडून आलेले शिखर'. गृध्रकूट म्हणजे राजगृहीचा डोंगर. ज्या राजगृहीत मुनिसुव्रतस्वामी जन्मले आणि प्रभू महावीरांनी अनेक चातुर्मास केले, तीच राजगृही. हजारो मैल दूर, परक्या लिपीच्या गावात त्या डोंगराची आठवण सोळाशे वर्षांहून अधिक काळ जपलेली आहे. त्या शिखराखाली बसून शांतपणे एक सामायिक करावी.

*चेंगदू किंवा कुनमिंग.* तिसरा प्रदेश पश्चिमेचा निवडावा. चेंगदू हे चहागृहांचे शहर. बांबूच्या खुर्च्या, झाकणाचा पेला, मोगऱ्याच्या जातीच्या फुलांनी सुगंधित केलेला चहा आणि पुन्हा पुन्हा गरम पाणी ओतणारा वाढपी. तेथील वेन्शू विहारात चहागृहही आहे आणि निरामिष भोजनही. सिच्वानचे जीभ बधिर करणारे मिरे आपल्या कोकणातल्या तिरफळाच्या कुळातले; चव ओळखीची वाटेल. कुनमिंगला गेल्यास 'रूबिंग' चाखावे. ते शेळीच्या दुधाचे, आपल्या पनीरचे सख्खे भावंड. युन्नान ही पू-अर चहाची भूमी. त्याची झाडे आसामी चहाच्याच जातीची. पू-अरच्या 'पक्व' प्रकारात पत्तीचे ढीग ओलावून मुद्दाम आंबवतात. आंबवलेली वस्तू वर्ज्य असणाऱ्यांनी तो टाळून हिरवा किंवा पांढरा चहा घ्यावा.

यजमानाकडे आणि परतताना

पुरवठादाराने मेजवानी दिल्यास मद्याचा पेला पुढे येतो. संकोचून जाण्याचे कारण नाही. "मद्याऐवजी चहा" अशा अर्थाचा वाक्प्रचार खुद्द चिनी भाषेतच आहे. चहाचा पेला दोन्ही हातांनी उचलून तो शब्द उच्चारला की मान राहतो आणि व्रतही. त्याला आधीच विहाराच्या उपाहारगृहात जेवू या असे सुचवावे. अनेकदा यजमानाची आजी तिथे नेहमी जात असल्याचे निघते, आणि मग बोलणे मालाच्या भावापलीकडे जाते.

मे महिन्याचे पहिले पाच दिवस आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळावा; देशभर सुट्टी असल्याने कोठे पाय ठेवायला जागा नसते. ऑक्टोबर आपल्या चातुर्मासातही येतो. म्हणून महावीर जन्मकल्याणक आणि चैत्री ओळी यांच्या तिथी सांभाळून वसंताचेच दिवस निवडावेत. पैसे देण्याचे तिथले मोबाईल ॲप निघण्यापूर्वी सुरू करून घ्यावे. आपली नेहमीची संदेश व नकाशाची ॲप तिथे चालत नाहीत, तेव्हा चिठ्ठी आणि पत्ते कागदावरही असावेत. आणि हो, थेपल्यांचा डबा न्यावाच. पण तो अडचणीच्या वेळेसाठी.

शेठ मोतीशा यांनी १८२८ मध्ये भायखळ्याला आदीश्वर भगवंतांचे देरासर उभारले. त्यांची जहाजे चीनला जात. त्या काळच्या व्यापारात कापसाबरोबर अफूही होती, हे इतिहास म्हणून मान्य करायलाच हवे. तेव्हापासून चीन आपल्यासाठी घेण्या-देण्याचा देश राहिला आहे. एकदा त्याच्याकडे भाव न विचारता, हातात चहाचा पेला घेऊन पाहावे. परतल्यावर घरच्यांना सांगण्यासारखे पुष्कळ असेल, आणि निघताना लिहिलेला नियमांचा कागद पुन्हा उघडला, तर त्यावर एकही खाडाखोड नसेल. तशी ती नसली, तर यात्रा सफल झाली असे समजावे.

जय जिनेंद्र.